वगळलेल्याची यादी

"हे कुठल्या शहाण्यानं लिहिलंय?" असं हेर, म्हणजे श्रीयुत, थेडेन्स म्हणाले आणि टेबलाभोवतीची माणसं हसली, तेव्हा गेशे ब्रोडर्सन बिनसाखरेची कॉफी ढवळत होती. ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस ती साखर वर्ज्य करी. हाताची ढवळण्याची सवय मात्र गेली नव्हती. चमचा थांबला. कपाच्या कडेला तो टेकल्याचा बारीकसा आवाज झाला, आणि समोरच्या तीन आंधळ्या माणसांनी तो ऐकला असणार असं तिला वाटून गेलं. ऐकण्याच्या बाबतीत त्यांच्यापासून काही लपत नाही, असं अंधांसाठीच्या या ध्वनिग्रंथालयात सगळेच म्हणत. तीही म्हणे. आज अकरा वर्षांनी तिला पहिल्यांदाच वाटलं, की हे खरं असतं तर बरं झालं असतं.

मामला साधा होता. कॅसेटी बंद होऊन सीडीच्या चकत्या येणार होत्या, म्हणून नवी सूची छापायची होती, आणि सूचीत दर साप्ताहिकापुढे चार ओळी: हे कुणाचं, कुठल्या मताकडे झुकणारं, कुणावर तुटून पडणारं. श्रोत्याला दुकानात जाऊन मुखपृष्ठं चाळता येत नाहीत, तेव्हा त्यानं काय मागवावं हे त्याला निदान प्रामाणिकपणे सांगावं, एवढाच हेतू. जो वाचतो त्यानंच ओळी लिहायच्या आणि तीन श्रोत्यांनी त्या ऐकून पसंत करायच्या, असं ठरलं होतं. 'वोखेनब्लिक' हे साप्ताहिक अकरा वर्षं गेशे कॅसेटींवर वाचत होती. ग्रंथालय सांभाळणाऱ्या डिर्कसेनबाईंनी तिच्या ओळी नाव न सांगता वाचून दाखवल्या: मध्याच्या डावीकडे. सत्तेवर कोणीही असो, त्याच्याशी भांडणारं. चर्चबद्दल कडवट, शेतीच्या प्रश्नात शहराच्या बाजूचं. भाषा बोचरी.

"बोचरी?" हेर थेडेन्स म्हणत होते. एकाहत्तरीचा माणूस, बंदरात क्रेन चालवता चालवता पन्नाशीत डोळे गेलेले. बोलताना अजून मान वर करून बोलायचे, उंचावरून खाली कुणाला तरी हाका मारल्यासारखे. "कडवट? अहो, मी पहिल्या कॅसेटपासून ऐकतोय. एवढं सभ्य साप्ताहिक हॅम्बुर्गात दुसरं नाही. माझ्या आत्याच्या तोंडीसुद्धा याहून जास्त शिव्या होत्या, आणि आत्या पाद्र्याची बायको होती."

"मलाही तसंच वाटतं," शेजारची कापडी टोपीवाली बाई म्हणाली. "मऊ आहे. झोपताना ऐकायला बरं."

"बघा! आणि म्हणे डावं. लिहिणाऱ्यानं कधी उघडून तरी पाहिलंय का?"

पुन्हा हशा. डिर्कसेनबाईंनी गेशेकडे पाहून डोळे मिचकावले. गेशेनं हसण्याचा प्रयत्न केला. मग समोरच्या तिघांना तो दिसणार नाही, म्हणून सोडून दिला. हेर थेडेन्सनी लोण्याच्या केकचा तुकडा चाचपून उचलला आणि तो तोंडात असतानाच, सहज म्हणून, ते बोलले. "माझा भाऊ हारोसुद्धा असंच बरळायचा. किनाऱ्याकडे डिटमार्शनला कोबी लावतो तो. बायकोच्या साठीला सगळं गोत जमवलं आणि भर टेबलावर मला म्हणतो, तुझ्या त्या साप्ताहिकानं आम्हाला काय म्हटलंय ठाऊक आहे? सरकारच्या ताटात जेवून विहिरीत थुंकणारे! मी म्हटलं, दाखव. तर म्हणे शेगडीत जाळलं. मी म्हटलं, हारो, तो अंक मी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलाय, वगळलेल्याची यादीसुद्धा ऐकलीय. त्यात हे नाही. मी आंधळा आहे म्हणून वाट्टेल ते खपवतोस का?" त्यांनी घास गिळला. "उठून गेला. स्वतःच्याच घरातून उठून गेला गडी. सहा वर्षं झाली."

मग टोपीवाल्या बाईनं विचारलं, केक आहे का अजून.

गेशेला ते पान दिसत होतं. उजव्या हाताचं, वर डाव्या कोपऱ्यात व्यंगचित्र: एक लठ्ठ शेतकरी, हातात चमचा. मजकूर किनाऱ्याकडच्या विहिरींबद्दल होता, खतं झिरपून पाणी खराब झाल्याबद्दल, आणि लिहिणाऱ्यानं शेवटी त्या लोकांना तसं म्हटलं होतं. तेच शब्द. तळघरातल्या ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, भिंतींना लावलेल्या फोमच्या खळग्यांमध्ये बसून तिनं ते पान उलटलं होतं, आणि जीभ टाळूला लावून क्षणभर थांबून, पुढचं पान वाचायला घेतलं होतं. पुढच्या पानावर पक्ष्यांच्या गणतीबद्दल काहीतरी होतं. ते तिनं फार सुंदर वाचलं होतं.

बाहेर पडताना डिर्कसेनबाईंनी तिला कोट घालायला मदत केली. "मनाला लावून घेऊ नका हं. थेडेन्स म्हणजे असेच. तुम्ही आपलं 'मध्यममार्गी' लिहा, 'भाषा संयत' लिहा, सगळे खूश. सोमवारी सकाळी छापायला जातंय."

"पण ते खरं नाही."

"श्रोत्यांना तसं वाटतं ना? मग त्यांच्यापुरतं खरं. त्यांनाच तर वापरायचीय सूची."

गेशे कालव्याच्या कडेनं चालत घरी निघाली. मार्चचं ऊन होतं, नुसतं दिसणारं, अंगाला न लागणारं. पाण्यावर दोन हंस आपापल्या बाजूला तोंड करून बसले होते. 'त्यांच्यापुरतं खरं' हे शब्द चालण्याच्या ठेक्यात बसत होते आणि म्हणून तिला ते आणखी नकोसे झाले. किती सोपं होतं. दोन शब्द खोडायचे, दोन लिहायचे. आणि अकरा वर्षं तिनं जे केलं ते मागे वळून खरं होऊन जाणार होतं. साप्ताहिक मऊ आहे असं छापून आलं, की ते मऊ होतंच. मग तिनं काही केलंच नव्हतं.

काय केलं होतं तिनं? हे स्वतःशी नीट उच्चारायलाही तिला कालव्यावरचा दुसरा पूल लागला. अंक दीडशे पानांचा, कॅसेटी दोन. सगळं मावणं शक्यच नाही, म्हणून वाचणाऱ्यानं निवडायचं, ही मुभा होती. पण मुभेला लागून एक नियम होता आणि तो त्या खोलीत माइकच्या वर चिकटवलेला होता: जे वगळलं, त्याचे मथळे शेवटी वाचायचे, म्हणजे ज्याला हवं तो फोन करून मागून घेईल. वगळलेल्याची यादी. गेशे यादी वाचायची. हळू, स्पष्ट, प्रत्येक मथळ्यानंतर एक श्वास. फक्त काही मथळे त्या यादीतही नसत. आणि मग शेवटी नेहमीचं: वाचन, गेशे ब्रोडर्सन.

मोमेमुळे, असं ती स्वतःला सांगत आली होती. मोमे तिचा नवरा. शेवटच्या आजारात तो चिडका झाला होता, ताट ढकलून द्यायचा, आणि एका दुपारी सूप चादरीवर सांडल्यावर तिच्या तोंडून एक शब्द गेला होता. तो शब्द ती आजही मनात पूर्ण उच्चारत नसे. पहिल्या अक्षराशी थांबायची. त्यानं तिच्याकडे पाहिलं, फार काही नाही, पाहुण्याकडे पाहावं तसं. सहा दिवसांनी तो गेला. त्यानंतर तिनं नेम धरला: कडू शब्द जिभेवर येऊ द्यायचा नाही. रोज सकाळी उठून त्या दिवसाचं बायबलमधलं वचन वाचायचं, मेणबत्ती लावायची आणि म्हणायचं, आज माझ्या तोंडून कुणाला डंख होणार नाही. तेरा वर्षं एक दिवस चुकला नव्हता. फ्लूमध्येसुद्धा ती उशीवर टेकून ते पुटपुटली होती.

आणि मग ही वाचनाची सेवा मिळाली. पहिले काही महिने तिनं सगळं वाचलं. एकदा एका बिशपची थट्टा आली, फारच वाईट थट्टा, आणि ती वाचताना तिचा आवाज चिरला. पुन्हा वाचलं, पुन्हा चिरला. ते काढून टाकलं तेव्हा तिला अपराधी वाटलं नव्हतं. उलट, घर झाडून घेतल्यासारखं वाटलं होतं. ही माणसं एकटी असतात. स्वयंपाकघरात बसून ऐकतात. त्यांच्या कानात कशाला कुणाचं विष? पुढे बिशप नसला तरी काढू लागली. मंत्र्याला गिधाड म्हटलेलं काढलं, संपावरच्या कामगारांना आळशी म्हटलेलं काढलं, शेतकऱ्यांचं काढलं. आणि जे ठेवलं ते तिच्या आवाजात आलं. त्या आवाजाबद्दल लोक पत्रं लिहायचे, की बाई, तुमचं ऐकलं की निवतं. ती पत्रं तिनं जपून ठेवली होती. पुण्यच वाटत होतं तिला ते. आज पुलावर उभं राहून तिला ती पत्रांची पेटी आठवली आणि तोंडात बिनसाखरेच्या कॉफीची चव परत आली.

घरी तिनं बैठकीच्या खोलीत जुने अंक जमिनीवर मांडले. अंक ती कधी टाकत नसे. गुडघे दुखत होते तरी खाली बसली. निदान त्या चार ओळी तरी न्यायानं लिहाव्यात. डावीकडे, हे बरोबर होतं का? गेल्या चार वर्षांतलं डाव्यांचं सरकार याच साप्ताहिकानं कांद्यासारखं सोललं होतं. पण सोलताना आवाज घरच्यासारखा होता, मोठ्या भावानं धाकट्याला बोलावं तसा. उजव्यांबद्दल लिहिताना तो शेजाऱ्याचा होई. म्हणजे डावीकडेच. चर्चबद्दल कडवट, हे तिच्या दुखावलेल्या मनानं तर लिहिलं नव्हतं? तिनं पानं चाळली. मरणाच्या दारातल्या रुग्णांची सेवा करणाऱ्या चर्चच्या बहिणींवर तीन पानं होती, इतकी आदरानं लिहिलेली की ती त्या आठवड्यात डोळे पुसत वाचत होती. आणि त्याच अंकात, बारा पानं पुढे, पाद्र्यांवरचं ते दुसरं. दोन्ही त्यांनीच लिहिलं होतं. तिनं 'कडवट' खोडून लिहिलं: 'चर्चच्या सत्तेबद्दल कडवट, सेवेबद्दल नाही.' बरं वाटलं. मग त्या शेतीच्या अंकाशी आली आणि पहिल्यांदाच तो लेख पूर्ण वाचला. विहिरींचे आकडे होते. आजारी मुलं होती. लेख खोटा नव्हता. शेवटची शिवी सोडली तर तो वाचायलाच हवा होता, कोबी लावणाऱ्याच्या भावानं तर नक्कीच. म्हणजे तिनं शिवी काढायला म्हणून विहिरीसुद्धा बुजवल्या होत्या. संध्याकाळचा दिवा लावायला ती उठलीच नाही. अक्षरं दिसेनाशी होईपर्यंत खाली बसून राहिली.

शनिवारी सकाळी मेणबत्ती लावून ती नेम म्हणायला उभी राहिली आणि वाक्य अर्ध्यावर अडलं. आज माझ्या तोंडून. पुढे काही येईना. तिनं तशीच मेणबत्ती विझवली, शेतीचा तो अंक पिशवीत घातला आणि हेर थेडेन्सच्या घराची घंटा वाजवली तेव्हा साडेदहा वाजले होते.

"मोइन," दार उघडून त्यांनी नमस्कार घातला. "कोण?"

"मी. गेशे ब्रोडर्सन."

त्यांचा चेहरा असा उजळला की तिला मागे वळून जिना उतरावासा वाटला. "अरे वा! आवाज स्वतः चालत आला! या, या. पसारा असेल तर मला सांगू नका, मला दिसत नाही आणि तुम्हालाही दिसला नाही असं समजू." स्वयंपाकघरात कॅसेटयंत्र टेबलाच्या मधोमध होतं, घरात देवाची तसबीर असावी तसं. बाजूला तिच्या कॅसेटी, पिवळ्या पेट्यांत. त्यांनी खुर्ची दाखवली ती नेमकी खुर्चीकडे हात करून. "त्या दिवशी त्या शहाण्याला मी बोललो, ते तुम्हाला आवडलं ना? तुमच्या बाजूनंच बोललो मी."

"तो शहाणा मी," गेशे म्हणाली.

"काय?"

"ओळी मी लिहिल्या होत्या. त्या बरोबर आहेत, हेर थेडेन्स. साप्ताहिक बोचरंच आहे. मी बोचरं वाचत नव्हते."

ती बसली नाही. उभ्यानंच सांगितलं, मोमेचं न सांगता, कारण ते सांगणं म्हणजे सवलत मागणं झालं असतं. बिशप, गिधाड, विहिरी. ते ऐकत राहिले. त्यांचा एक हात कॅसेटयंत्रावर होता.

"यादीतूनही काढलंत?" त्यांनी विचारलं.

"यादीतूनही."

"म्हणजे मी यादीची शपथ घेतली, ती..." ते थांबले. "पस्तीस माणसं होती हो त्या टेबलावर. त्याची नातवंडं होती."

तिला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर ते तिला घेता आलं असतं. ते उठले, भिंतीला हात न लावता खणापाशी गेले आणि हातरुमालांच्या तळातून एक लिफाफा काढला. "त्यानंतर दहा दिवसांनी हे आलं. खालच्या मजल्यावरच्या पोरीला विचारलं, काय आहे गं? ती म्हणाली, काही नाही आजोबा, छापील कागद आहे. पत्र नाही? म्हटलं. नाही म्हणाली. मला काय कळायचं ते कळलं. आंधळ्या भावाला छापील कागद पाठवतो! यापेक्षा थोबाडीत मारायची होती. पुढे कुणाकडून वाचून घेतला नाही. फेकलाही नाही." त्यांनी लिफाफा तिच्यापुढे धरला, किंचित डावीकडे. "वाचा."

लिफाफ्यात तेच पान होतं. शेगडीत जाळलं म्हणाला होता. दुसरा अंक विकत आणला असणार त्यानं, आपल्याला शिव्या देणारा. कात्रीनं नीट कापलेलं होतं, कोपऱ्यातल्या लठ्ठ शेतकऱ्यासकट. गेशेनं आवाज लावला आणि तो नेहमीचा मऊ आवाज आलेला ऐकून थांबली. पुन्हा सुरुवात केली. अंक क्रमांक, पान, मथळा. विहिरींचे आकडे वाचले. मुलांचं वाचलं. शेवटचं वाक्य आलं तेव्हा तिची जीभ सवयीनं टाळूला गेली, आणि तिनं ती तिथून सोडवली. "सरकारच्या ताटात जेवून विहिरीत थुंकणारे," ती म्हणाली. त्या छोट्या स्वयंपाकघरात ते फार मोठं वाटलं.

"हेच," हेर थेडेन्स म्हणाले. "हेच म्हणाला होता. शब्दन् शब्द." मग, "संपलं?"

संपलं नव्हतं. समासात, उभ्या बाजूनं, पेन्सिलीनं काही लिहिलेलं होतं. अक्षर जाड, दाबून काढलेलं. खालच्या मजल्यावरच्या पोरीला ते दिसलं नव्हतं किंवा लागलं नव्हतं. गेशेनं कागद फिरवला आणि मनात वाचलं. संपलं, असं म्हणता येत होतं. एका शब्दाचं काम. म्हातारा माणूस समोर मान वर करून बसला होता, आणि समासातल्या त्या ओळीत असा एक शब्द होता जो तेरा वर्षांत तिच्या ओठांवर आला नव्हता, मोमेच्या सूपानंतर. नेमकं त्याच अक्षरापासून सुरू होणारा.

"समासात लिहिलंय," ती म्हणाली. "पेन्सिलीनं."

"काय?"

"'ओन्नो, गाढवीच्या, तुझ्या त्या प्रार्थना म्हटल्यासारखं वाचणाऱ्या बाईला हे वाचायला सांग. मग फोन कर. हारो.'"

रस्त्यावर कुणीतरी सायकलची घंटी वाजवली. हेर थेडेन्सच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते तिला पाहवेना आणि पाहणं टाळणंही तिला चोरीसारखं वाटलं, म्हणून ती पाहत राहिली.

"पुन्हा," ते म्हणाले. "शिवीसकट."

तिनं पुन्हा वाचलं. या वेळी आवाज चिरला नाही.

त्यांनी फोन ओढून घेतला. बोटं आकड्यांवरून सहज गेली, सहा वर्षांत काही विसरली नव्हती. पलीकडे घंटा वाजू लागल्यावर त्यांनी मान न वळवता म्हटलं, "तुम्ही जा आता, फ्राऊ ब्रोडर्सन." रागानं नाही. कामावरच्या माणसाला सुट्टी द्यावी तसं. तिनं लिफाफा टेबलावर ठेवला, कॅसेटींना धक्का लागू न देता, आणि दार मागे ओढून घेतलं. जिन्याच्या पहिल्या वळणावर तिला तो क्रेनवरून हाक मारल्यासारखा आवाज ऐकू आला.

"मोइन, हारो. गाढवीचा बोलतोय."

मग खुर्ची सरकल्याचा आवाज, आणि एक हुंदका की हसू, दारातून सांगता येत नव्हतं. थांबून ऐकण्याचा तिला हक्क नव्हता, तरी पाय हलेनात. दोनशे अठरा श्रोते होते 'वोखेनब्लिक'चे. हा एक झाला. उरलेल्यांपैकी कुणी कुठल्या टेबलावर काय शपथेवर सांगितलं असेल, कुणाच्या रुमालांखाली काय असेल, हे त्यांनाही ठाऊक नव्हतं, मग तिला कुठून? कोणाकडे जाऊन सांगायचं, आणि कुठल्या आवाजात?

ती पायरीवर बसली. पर्समधून सूचीचा कागद काढला, गुडघ्यावर ठेवला आणि चार ओळींखाली, जागा नव्हती तिथं, बारीक अक्षरात लिहिलं: 'कॅसेटींवर हे साप्ताहिक अकरा वर्षं कडू बोललेलं नाही. तो झुकाव साप्ताहिकाचा नव्हता. वगळलेल्याची यादीही पूर्ण नव्हती. वाचन, गेशे ब्रोडर्सन.'